गच्चीवर भुताचा पिक्चर लावायचाय? सांगाड्यासकट सगळी कृती

थंडी पडली की प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकतंच, "गच्चीवर पिक्चर लावूया का?" मग धडाधड अंगठे पडतात, प्रोजेक्टर येतो, चादर लागते, आणि अर्ध्या तासात निम्मी गच्ची मोबाईलमध्ये डोकं घालून बसते. बरोबरच आहे, तोच पिक्चर घरी पांघरुणात बसून टीव्हीवर बघता येतो ना, मग वर कुडकुडायचं कशाला. त्यामुळे घरी होऊच शकत नाही असं काहीतरी वर पाहिजे, आणि माझं त्यावर ठरलेलं उत्तर आहे: १९५९ चा 'हाऊस ऑन हॉन्टेड हिल' लावायचा आणि शेवटाला लोकांच्या डोक्यावरून एक सांगाडा सोडायचा. खराखुरा, म्हणजे पुठ्ठ्याचा, दोरीवरून सरकत जाणारा.

ही आयडिया त्या पिक्चरच्याच दिग्दर्शकाची, विल्यम कॅसलची. हा माणूस पिक्चर काढायचा कमी आणि तमाशा जास्त करायचा. १९५८ मध्ये त्याने एका पिक्चरच्या वेळी जाहीर केलं की बघताना कोणी भीतीने मेलं तर हजार डॉलरचा विमा, आणि तो पण लंडनच्या लॉइड्सचा. नंतरच्या एका पिक्चरला खुर्च्यांखाली थरथरणाऱ्या मोटरी बसवल्या. आणि 'हाऊस ऑन हॉन्टेड हिल'ला त्याने काढलं 'इमर्गो', म्हणजे पडद्यावर सांगाडा येतो त्याच वेळी थिएटरमध्ये एक प्लास्टिकचा सांगाडा, डोळे लाल पेटलेले, तारेवरून प्रेक्षकांच्या डोक्यावरून जायचा. मोठी माणसं दचकायची असं म्हणतात, पण पोरं मात्र दुसऱ्यांदा तिकीट काढून यायची ती गलोल घेऊन, आणि पॉपकॉर्नचे रिकामे डबे सांगाड्यावर भिरकवायची. आपल्याला हेच पाहिजे.

आता पिक्चर हाच का. 'झपाटलेला' का नाही, असं कोणीतरी विचारणारच. आवडता आहेच, पण तात्या विंचूचे डायलॉग पडद्याच्या आधी गच्ची म्हणते, दचकायला काही उरतच नाही. शिवाय तो कोणाच्या तरी मालकीचा आहे, घरात बसून बघणं वेगळं आणि सत्तर माणसं जमवून दाखवणं वेगळं. 'हाऊस ऑन हॉन्टेड हिल'चा कॉपीराइट अमेरिकेत वेळेवर रिन्यूच केला गेला नाही म्हणून तो तिकडे कधीचाच पब्लिक डोमेनमध्ये आहे, आणि आपल्याकडे पिक्चरचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो, तीही उलटली. फक्त मूळ ब्लॅक अँड व्हाइट प्रत घ्या. नंतर कोणीतरी रंग भरलेली प्रत मिळते ती नको, तिचे हक्क वेगळे असू शकतात आणि दिसतेही वाईट, सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी.

गोष्ट सोपी आहे, इंग्रजी कमी कळलं तरी अडत नाही. एक अतिश्रीमंत आणि तितकाच खडूस माणूस, फ्रेडरिक लोरेन (व्हिन्सेंट प्राइस, त्याचा आवाज आणि ती बारीक मिशी यासाठीच निम्मा पिक्चर बघावा), भाड्याने घेतलेल्या भुताच्या बंगल्यात बायकोच्या नावाने पार्टी ठेवतो. एकमेकांना न ओळखणारे पाच पाहुणे, रात्रभर राहून दाखवा आणि प्रत्येकी दहा हजार डॉलर घेऊन जा. पाहुण्यांना आणायला गाड्या पाठवल्यात त्या मयताच्या. आणि पार्टीची गिफ्ट म्हणून प्रत्येकाला छोट्याशा शवपेटीत घालून एकेक पिस्तूल. नवराबायको एकमेकांना गोड बोलून जे टोमणे मारतात त्यावर गच्चीतल्या काकू लोक सगळ्यात जास्त हसतात, हे लिहून ठेवा. पिक्चर विकला गेला भयपट म्हणून, पण आज बघताना दर दहा मिनिटाला एक दचका आणि दोन हशे असा हिशोब पडतो. बंगला बाहेरून दिसतो तो लॉस एंजेलिसचा एनिस हाऊस, फ्रँक लॉईड राइटने १९२४ च्या सुमाराला सिमेंटच्या नक्षीदार ठोकळ्यांनी बांधलेला, एखाद्या जुन्या मंदिरासारखा भक्कम, आणि आत शिरलं की एकदम झुंबरं, पडदे आणि जुनी विलायती कपाटं. बाहेरचं घर आणि आतलं घर यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, आणि कोणाला त्याचं काही वाटतही नाही.

तारीख ठरवताना दिवाळी संपल्यानंतर आणि संक्रांतीच्या आठवड्याच्या आधी असा काळ धरा. संक्रांत जवळ आली की गच्ची पोरांच्या ताब्यात जाते, आपलं काही चालत नाही. डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य मावळतो, सातला चांगला अंधार असतो. पिक्चर ७५ मिनिटांचा आहे त्यामुळे सव्वासातला सुरू केला आणि मध्ये चहाला थांबलात तरी नऊच्या आत सगळे मोकळे. हे महत्त्वाचं आहे कारण रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर वाजवायला कायद्याने बंदी आहे आणि या पिक्चरमध्ये बाई किंचाळते ती शेजारच्या तीन बिल्डिंगांना ऐकू जाते. आजूबाजूला आधीच सांगून ठेवा, म्हणजे पोलिसांना फोन जाणार नाही. परवानगीला सेक्रेटरी काकांकडे गेलात की ते आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघतील. "भुताचा पिक्चर, गच्चीवर, आणि नेमका अमावास्येला? माझी आई वर राहते रे." वाद घालू नका, दुसरा शनिवार घ्या, आपल्याला काय फरक पडतो. पौर्णिमा असली तरी चालते. पडद्याचा घात चंद्र करत नाही, रस्त्यावरचा एलईडी दिवा करतो, म्हणून पडदा असा लावा की त्याची पाठ रस्त्याकडे असेल.

पडद्याला बेडशीट लावू नका. नाशिकच्या मेनरोडला जाऊन पांढरं मांजरपाट घ्या, दोन पट्टे जोडून शिवून घ्या आणि मागून अस्तरासारखा दुसरा थर द्या, नाहीतर मागचा उजेड आरपार येतो. वरून बांबू, खालून पण बांबू किंवा पाइप, आणि खालच्या कोपऱ्यांना विटा बांधा, कारण गच्चीवर वारा सुटला की पडद्याचं शीड होतं आणि व्हिन्सेंट प्राइसचं तोंड वाकडं तिकडं व्हायला लागतं. प्रोजेक्टरवर पैसे घालवू नका. भाड्याने मिळतो तो साधा तीन हजार ल्युमेनचा पुष्कळ झाला, काळ्यापांढऱ्या पिक्चरला रंगांची भानगडच नाही. फुकट मिळणाऱ्या बऱ्याच प्रतींमध्ये चित्र चौकोनी असतं, ते ताणून रुंद करायचा मोह होईल, करू नका, सगळे बुटके दिसतात. आवाज वायरने जोडा. ब्लूटूथवर ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, आणि किंचाळी उशिरा आली की हसू होतं, म्हणजे नको तिथे. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नका, पाटावर किंवा खुर्चीवर ठेवा, आठनंतर दव पडायला लागतं.

बाकी तयारी झाली, आता खरं काम, सांगाडा. माझं स्पष्ट मत आहे की वेळ आणि डोकं इथेच घालवायचं.

उंची साडेतीन फूट पुरे, माणसाएवढा केलात तर जड होतो. थर्माकोल नको, त्याच्या सजावटीवर आपल्याकडे बंदी आहे आणि त्याचे दाणे गच्चीभर होतात. फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, छातीचा पिंजरा एकाच तुकड्यात कापा, हात आणि पाय मात्र दोन-दोन तुकड्यांत. कोपर आणि गुडघ्याला भोक पाडून तारेची सैल रिंग घाला, घट्ट गाठ मारू नका. सगळी गंमत या सैलपणात आहे, दोरीवरून जाताना पाय आपोआप लटपटतात आणि सांगाडा घाबरून पळतोय असं दिसतं. कवटीला फुगा फुगवायचा, त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे मैद्याच्या खळीने चार-पाच थर चिकटवायचे, दोन दिवस उन्हात ठेवायचं, मग फुगा फोडायचा. डोळ्यांची भोकं मोठी ठेवा. आत दोन लाल एलईडी, प्रत्येकाला एक तीन व्होल्टचा बटन सेल, एलईडीचे पाय सेलच्या दोन बाजूंना टेकवून वरून चिकटपट्टी, झालं, सोल्डरिंग वगैरे काही लागत नाही. लालच घ्या, निळा किंवा पांढरा घेतलात तर भुताऐवजी मोबाईलचा टॉर्च वाटतो. पुढून पांढरा डिस्टेंपर, पाठीला काळा रंग. सगळं मिळून अर्ध्या किलोच्या आत बसलं पाहिजे, किचनमधल्या काट्यावर ठेवून बघा.

दोरी. इथे जरा थांबून वाचा. नायलॉन मांजा अजिबात वापरायचा नाही, त्यावर बंदी आहे आणि ती का आहे हे नाशिकमध्ये कोणाला सांगायची गरज नाही, दर संक्रांतीला गळे कापल्याच्या बातम्या येतात. तंगूसही नको, अंधारात दिसत नाही आणि ताणलेली असली की तीही कापते. हार्डवेअरच्या दुकानात तीन-चार मिलिमीटरची गुळगुळीत काळी नायलॉन दोरी मिळते ती घ्या. एक टोक पडद्याच्या बाजूला उंचावर, दुसरं टोक मागच्या पाण्याच्या टाकीच्या कॉलमला, किंवा उलट, तुमच्या गच्चीवर जिन्याची खोली कुठे आहे त्यावर ठरवा. बांधायचं ते फक्त सिमेंटच्या बांधकामाला. डिशचा पाइप, केबलची वायर, वीज पडू नये म्हणून लावलेली पट्टी, यातल्या कशालाही नाही. पडद्याकडचं टोक मागच्या टोकापेक्षा दीड-दोन फूट उंच ठेवा म्हणजे सांगाडा स्वतःच्या वजनाने सरकतो. आणि सगळ्यात खालच्या जागी सुद्धा दोरी नऊ फुटांच्या खाली येता कामा नये, साडेतीन फुटाचा सांगाडा लटकला की त्याचे पाय बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या थोडे वर राहतात. तुमच्यातला सगळ्यात उंच माणूस खुर्चीवर बसवून बघा, अंदाजाने चालू नका. वाटेत कोणी उभं राहणार नाही याची जबाबदारी एकाला द्या.

सांगाडा दोरीला दोन ठिकाणी अडकवायचा, खांद्यांच्या रेषेत फूटभर अंतरावर दोन स्टीलच्या रिंगा. एकच रिंग लावली की तो गरगर फिरतो आणि लोकांकडे पाठ करून जातो. मग त्याच्या कमरेला साध्या सुताचा दोरा बांधा आणि तो दोरा गुंडाळा पतंगाच्या आसारीवर, म्हणजे मांजाच्या फिरकीवर. पतंगवेड्या येवल्याचा कोणी असेल तर आसारी त्याच्याच हातात द्या, ढील कधी द्यायची आणि कधी थांबवायचं हे त्याला शिकवावं लागत नाही. तो पडद्यामागे बसून हळूहळू ढील देतो, सांगाडा निघतो, मध्ये जरा थांबवतो, पाय लटपटतात, परत सोडतो, आणि शेवटी सरसर गुंडाळून आत घेतो. आत म्हणजे पडद्याशेजारी टांगलेल्या काळ्या कापडाआड, काळी ओढणी चालेल, सुरुवातीपासून तो तिथेच लपलेला पाहिजे आणि डोळ्यांतले दिवे तो सुटायच्या आधी दोन मिनिटं पेटवायचे. कापडातून लाल ठिपके दिसले तर पहिल्या रांगेतली पोरं लगेच ओरडतात.

याच गावात फाळके राहिले, हे मला अशा वेळी आठवतं. जन्म त्र्यंबकचा, मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' झाल्यावर बिऱ्हाड नाशिकला आणलं आणि पुढचे पिक्चर इथे काढले. 'लंकादहन'मध्ये साळुंके राम पण आणि सीता पण, आणि लोक बघायला गर्दी करत होते. साध्या क्लृप्त्यांनी लोकांना थक्क करणं ही या गावची जुनी विद्या आहे, तेव्हा पुठ्ठ्याच्या सांगाड्याला कोणी नाक मुरडलं तर त्याला पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात फिरवून आणा.

सोडायचा कधी? पिक्चर पाहिला नसेल आणि शेवट कळून घ्यायचा नसेल तर हा पॅरा सोडून पुढे जा. तळघरात ॲसिडचा हौद आहे हे सुरुवातीलाच दाखवतात. शेवटच्या काही मिनिटांत लोरेनची बायको तिथे एकटी असते आणि हौदातून सांगाडा वर येतो, चालत तिच्याकडे जातो, बोलतो सुद्धा. आपला सांगाडा निघतो तो पडद्यावरचा पूर्ण उभा राहिला की, वर येत असताना नको, तेव्हा सगळ्यांचं लक्ष पडद्यावर असू द्या. पुढे कळतं की तो सांगाडा नवराच दोऱ्यांनी चालवत होता, कळसूत्री बाहुलीसारखा. म्हणजे पडद्यामागे आसारी घेऊन बसलेला आपला पोरगा आणि पडद्यावरचा लोरेन एकच काम करतायत! प्रत्येक प्रतीत सुरुवातीच्या पाट्या कमीजास्त असतात, त्यामुळे वेळ कुठून तरी वाचून लिहू नका, स्वतःच्या फाइलमध्ये बघून मिनिट-सेकंद कागदावर लिहा आणि कागद आसारीवाल्याला द्या. आदल्या रात्री अंधारात तालीम करा. दोरीला मध्ये गाठ असेल, रिंग अडकत असेल, ते तेव्हाच कळतं.

पिक्चर सुरू झाला की अजून एक गोष्ट. पहिले काही क्षण पडदा पूर्ण काळा असतो आणि फक्त किंचाळ्या, साखळ्या आणि हसणं ऐकू येतं. हे तसंच आहे. त्या वेळी केबल हलवायला चार जण धावतात, त्यांना आधीच सांगा. दुसरं, तळघरात नोरा नावाची मुलगी भिंतीपाशी खाली वाकते ना, तेव्हा चहाचा ट्रे कोणाच्याही हातात नको. मान वळते आणि शेजारी जी म्हातारी उभी असते तिने आजवर भल्याभल्यांच्या अंगावर चहा सांडलाय. नंतर ती म्हातारी चाकांवर असल्यासारखी सरकत निघून जाते आणि मग गच्ची जी हसते ती बघण्यासारखी असते.

आजीआजोबांसाठी एक जण माइकवर मराठीत सांगायला बसवा. मूकपटांच्या काळात पडद्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवायला माणूस असायचा, तसंच. सगळं भाषांतर करायचं नाही, दोन-चार मिनिटांनी एक वाक्य, "हा म्हणतोय या घरात सात जण मेलेत, आणि पिऊन पिऊन आठवा हाच होणार." भिशीच्या ग्रुपमध्ये अशी बाई असतेच, तिलाच माइक द्या. लहान पोरांच्या आईवडिलांना मात्र आधी सांगा की पिक्चरमध्ये एक बाई फासाला लटकलेली दाखवलीये आणि एकदा सुटकेसमध्ये कापलेलं मुंडकं निघतं. पाच-सहा वर्षांच्या आतल्यांना तेवढा वेळ खाली पाठवलेलं बरं. ज्यांना हार्टचा त्रास आहे त्यांना सांगाड्याबद्दल कानात सांगून ठेवा, सरप्राइज बाकीच्यांना पुरतं. आणि अंधारात मागून कोणाच्या मानेला हात लावायचा नाही, हा नियम सगळ्यांना, विशेषतः कॉलेजच्या पोरांना.

खायला चिवडा, पण वाटीत, वर कांदा आणि लिंबू, आणि गरम मसाला दूध. सांगाड्यावर फेकायला मात्र वेगळी सोय पाहिजे, ती नसली की लोक हातात असेल ते फेकतात. प्रत्येकाला जुन्या पेपरचे चार-पाच बोळे करून द्या. गलोल नाही. द्राक्षंही नाहीत, सीझन असला तरी, पायाखाली आली की घसरगुंडी.

जुन्या नाशकात, तिवंध्याकडे किंवा पंचवटीत कोणाचा वाडा असेल तर गच्चीचा विचारच करू नका. चौकात सतरंज्या, पडदा ओसरीवर, आणि सांगाडा माडीच्या सज्जातून चौकावर उतरतो, वर लाकडी जिना कुरकुरतोच, त्याला वेगळा साउंड इफेक्ट लागत नाही. फक्त वाड्याची तब्येत नीट बघा. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, तसली नोटीस लागलेली असेल तर तिथे गर्दी जमवायची नाही, आणि दोरी बांधायची ती ठणठणीत तुळईला, वाळवी लागलेल्या खांबाला नाही.

सगळं झाल्यावर लोक सांगाड्याबरोबर फोटो काढतील, काढू द्या, पण दोरी त्याच रात्री उतरवा. सकाळी सहाला कोणीतरी वाळवण घालायला वर येतं आणि अर्धवट उजेडात काळी दोरी दिसत नाही. कठड्याजवळ पोरं उरली नाहीत ना ते बघा, बोळे गोळा करा, गच्चीला कुलूप लावा आणि किल्ली काकांना परत द्या. सांगाडा पुढच्या वर्षीसाठी ठेवायचा असेल तर सेल काढून ठेवा आणि कुठे ठेवलाय ते घरच्यांना सांगा, विशेषतः माळ्यावर ठेवणार असाल तर.